मनोऱ्याच्या माथ्यावर किती तापवावं?

स्पेनमध्ये सेव्हिल आणि कोर्डोबा या शहरांच्या मधल्या सपाट प्रदेशात फुएन्तेस दे आंदालुसिया नावाचं गाव आहे. तिथे २०११ पासून खेमासोलार हा सौर प्रकल्प वीज बनवतो. मधोमध १४० मीटर उंचीचा एकच मनोरा आणि त्याभोवती गोलाकार ओळींमध्ये उभे केलेले २,६५० आरसे. प्रत्येक आरसा सव्वाशे चौरस मीटरच्या आतबाहेर, म्हणजे चांगल्या ऐसपैस फ्लॅटएवढा. दिवसभर सूर्य सरकतो तसे हे आरसे दोन आसांवर हळूहळू वळत राहतात आणि आपापला उजेड मनोऱ्याच्या माथ्यावर फेकतात. या वळत्या आरशांना हेलिओस्टॅट म्हणतात. माथ्यावर जिथे हा सगळा उजेड पडतो, ते नळ्यांचं काळं पिंप म्हणजे रिसीव्हर. नळ्यांतून वितळलेलं मीठ वाहतं. ते २९० अंश सेल्सिअसला वर चढतं, ५६५ अंशांना खाली उतरतं आणि मोठ्या टाकीत साठतं. रात्री याच मिठाच्या उष्णतेवर वाफ करून टर्बाइन फिरवतात. साठा पंधरा तास पुरेल एवढा असल्यामुळे उन्हाळ्यात हा प्रकल्प रात्रंदिवस चालू शकतो.

आरशांचं शेत डोळ्यांत भरतं आणि फोटोही त्याचेच निघतात. पण प्रकल्पाची सगळी कसोटी लागते ती वरच्या पिंपावर. जमिनीवर भर दुपारच्या स्वच्छ उन्हात चौरस मीटरमागे जेमतेम एक किलोवॉट ऊर्जा मिळते. रिसीव्हरवर तेवढ्याच जागेत सरासरी चार-पाचशे किलोवॉट पडते आणि सगळ्यात तापलेल्या ठिकाणी ती हजाराला टेकते. मग साहजिकच प्रश्न येतो: एवढी ऊर्जा हाताशी असताना ५६५ अंशांवरच का थांबायचं? ८०० का नाही, १००० का नाही? याचं उत्तर रिसीव्हरच्या जमाखर्चात आहे आणि नळीच्या भिंतीत आहे. तो जमाखर्च सावकाश मांडून पाहू.

रिसीव्हरवर पडलेल्या शंभर भाग ऊर्जेपैकी काही भाग पृष्ठभाग शोषतच नाही, तो परावर्तित होऊन निघून जातो. नळ्यांना खास काळा रंग दिलेला असतो. वर्षानुवर्षं पायरोमार्क २५०० नावाचा सिलिकोन रंग या कामी वापरला जातो आणि नवा असताना तो ९५-९६ टक्के ऊन शोषतो. म्हणजे पहिले चार-पाच टक्के इथेच गेले. दुसरी गळती वाऱ्याची. तापलेल्या पिंपाभोवतीची हवा गरम होऊन वर जाते, वारा असला तर आणखी वेगानं उष्णता ओढून नेते. ही गळती तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सरळ रेषेत. तिसरी गळती खरी वैरीण. कुठलीही तापलेली वस्तू स्वतःच प्रारण फेकते आणि ते तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. जोसेफ स्टेफाननं १८७९ मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून हा नियम मांडला आणि १८८४ मध्ये लुडविग बोल्ट्झमननं त्याला सैद्धांतिक आधार दिला. म्हणून दोघांच्या नावानं तो ओळखला जातो.

चौथा घात म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. रंगाची उत्सर्जकता ०.८७ धरू. पृष्ठभाग २९० अंशांवर असेल तर चौरस मीटरमागे सुमारे ५ किलोवॉट प्रारणात जातात. ६०० अंशांवर २८-२९ किलोवॉट. ८०० अंशांवर ६५ आणि १००० अंशांवर १३० किलोवॉट. अंश सेल्सिअस ६०० चे १००० झाले, म्हणजे पावणेदोन पटही नाही, पण गळती साडेचार पट झाली.

आता हे वर पडणाऱ्या ऊर्जेशी ताडून पाहू. सरासरी ५०० किलोवॉट पडतात असं धरलं, तर ६०० अंशांवर प्रारणात सहा टक्के गेले, परावर्तनात पाच आणि वाऱ्यानं साधारण एक. हातात उरले ८८ टक्के. हा कागदावरचा हिशेब झाला, पण प्रत्यक्ष मोजमापही त्याच्या जवळच आहे. कॅलिफोर्नियात डॅगेटजवळच्या सोलर टू या प्रायोगिक प्रकल्पावर १९९६ ते १९९९ या काळात वितळलेल्या मिठाच्या रिसीव्हरची कसून तपासणी झाली. वारा मंद असताना आणि पूर्ण भारावर तिथली कार्यक्षमता सुमारे ८८ टक्के भरली. दोन्ही आकडे इतके जुळले यात थोडा योगायोगही आहे, कारण खऱ्या रिसीव्हरचं तापमान एकसारखं नसतं, खालून वर आणि एका पॅनेलकडून दुसऱ्याकडे ते चढत जातं. पण घटक कुठले आणि कुणाचा वाटा किती, एवढं या हिशेबावरून बरोबर कळतं.

तोच रिसीव्हर ८०० अंशांवर चालवला तर कार्यक्षमता ८० टक्क्यांवर येते आणि १००० अंशांवर ६७ वर. एवढंच पाहिलं तर कुणीही म्हणेल, मग तापवूच नका. २५० अंशांची साधी वाफ करा, गळती नगण्य राहील. सेव्हिलजवळच सान्लुकार ला मायोर इथे २००७ मध्ये सुरू झालेल्या पीएस टेन या मनोऱ्यानं हेच केलं. तिथे नळ्या उघड्या पिंपावर नाहीत, एका कोनाड्यासारख्या पोकळीत बसवल्या आहेत, त्यामुळे बाहेर पडू पाहणारं प्रारण आतच बरंचसं पुन्हा शोषलं जातं. वाफ २५० अंशांची, ४० बार दाबाची. रिसीव्हरची कार्यक्षमता ९२ टक्क्यांच्या घरात गेली. पण टर्बाइनला इतकी कोमट वाफ पुरत नाही आणि तिकडची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपासच राहिली.

कारण उष्णतेपासून काम काढणाऱ्या प्रत्येक यंत्राला सादी कार्नोनं १८२४ मध्ये दाखवलेली मर्यादा असते. उष्णता जितक्या वरच्या तापमानाला द्याल, तितका तिच्यातला जास्त हिस्सा कामात बदलता येतो. बाहेरची हवा ३० अंशांवर धरली तर २५० अंशांच्या उष्णतेतून कितीही आदर्श यंत्र ४२ टक्क्यांपेक्षा जास्त काम काढू शकत नाही. ६०० अंशांना ही मर्यादा ६५ टक्के, ८०० ला ७२, १००० ला ७६. खरी यंत्रं या मर्यादेच्या बरीच खाली राहतात, पण चढाची दिशा तीच.

म्हणजे दोन वक्र एकमेकांविरुद्ध आहेत. तापमान वाढवलं की रिसीव्हर हरतो आणि टर्बाइन जिंकतं. निर्णय गुणाकारानं करायचा. ५०० किलोवॉटच्या झोतात ६०० अंशांना ०.८८ गुणिले ०.६५ म्हणजे साधारण ५७ टक्के. ८०० अंशांनाही ५७ टक्केच. १००० अंशांना घसरून ५१. दोनशे अंश वर चढून हातात काहीच आलं नाही, वर महागडा धातू मात्र लागला. आता झोत दुप्पट करू, चौरस मीटरमागे १,००० किलोवॉट. प्रारणाची गळती तेवढीच राहते, पण येणाऱ्या ऊर्जेच्या मानानं ती निम्मी होते. मग ६०० अंशांना गुणाकार ६० टक्के येतो, ८०० ला ६३ आणि १००० ला सुमारे ६२. सर्वांत चांगली जागा वर सरकली. जास्त तापमानाचा उपयोग व्हायचा असेल, तर आधी झोत अधिक दाट करावा लागतो. सौर मनोऱ्यांविषयी बोलताना नुसतं तापमानाचं कौतुक होतं, पण माझ्या मते सगळ्यात आधी विचारायला हवं ते हे की, झोत किती दाट आहे?

झोत दाट करणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. सूर्य हा बिंदू नाही. पृथ्वीवरून तो आकाशात सुमारे अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो, त्यामुळे कितीही निर्दोष आरसा घेतला तरी एक किलोमीटरवर त्याची प्रतिमा नऊ मीटरपेक्षा लहान होत नाही. शेताच्या कडेच्या आरशांचा उजेड असा पसरूनच येतो. त्यात आरशाच्या वक्रतेतल्या बारीक चुका, वाऱ्यानं होणारी थरथर, वळवणाऱ्या मोटरीतली ढिलाई मिळून तो आणखी फाकतो. रिसीव्हर लहान केला तर उजेड कडेनं बाहेर सांडतो, मोठा केला तर प्रारण फेकायला जागा वाढते. सूर्यप्रकाश तत्त्वतः ४६,००० पटींपर्यंत एकवटता येतो. मनोऱ्यांचा आकडा साधारण ५०० ते १,००० पटींत राहतो, त्यामागे हे सगळं आहे.

पण समजा, आरसे अगदी अचूक मिळाले आणि झोत हवा तेवढा दाट करता आला. तरी पुढचा अडसर उरतोच आणि तो आहे नळीची भिंत.

सोलर टूचा रिसीव्हर जवळून पाहिला तर हे समजतं. पिंपाचा व्यास ५.१ मीटर, उंची ६.२ मीटर. त्याच्या परिघावर २४ पॅनेल आणि प्रत्येक पॅनेलमध्ये ३२ उभ्या नळ्या. नळी बोटापेक्षा थोडी जाड, व्यास जेमतेम दोन सेंटीमीटर, आणि भिंतीची जाडी १.२ मिलिमीटर. स्टेनलेस स्टीलच्या त्या सव्वा मिलिमीटरमधून सगळी ऊर्जा आत जायची. सगळ्यात तापलेल्या जागी झोत चौरस मीटरमागे ८५० किलोवॉट होता. एवढी उष्णता धातूतून पार व्हायची तर भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूंत सुमारे ५० अंशांचा फरक पडतो. मग भिंतीला लागून असलेल्या मिठाच्या पातळ थरातून ती मुख्य प्रवाहात जायची, तिथे आणखी शंभर-सव्वाशे अंश. म्हणजे आतलं मीठ ४५० अंशांवर असताना बाहेरचा धातू सव्वासहाशेच्या घरात असतो. प्रारणाची गळती ठरते ती बाहेरच्या धातूच्या तापमानावर, मिठाच्या नव्हे.

आतल्या बाजूलाही मर्यादा आहेच. हे मीठ म्हणजे आपलं खाण्याचं मीठ नव्हे. ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे फटाक्याच्या दारूतला सोरा, यांचं ते मिश्रण. खतासाठी आणि उद्योगासाठी त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन होतं, त्यामुळे ते स्वस्त आहे. ते पेट घेत नाही, वितळल्यावर पाण्यासारखं वाहतं, दाबाखाली ठेवावं लागत नाही. पण ६०० अंशांच्या पुढे नायट्रेटमधून ऑक्सिजन सुटू लागतो, नायट्राइट बनतं, नंतर ऑक्साइड, आणि नळीचं गंजणं झपाट्यानं वाढतं. बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचं सरासरी तापमान ५६५ ठेवायचं ते यासाठी. भिंतीला चिकटलेला थर प्रवाहापेक्षा गरम असतो आणि तो थर सहाशेच्या फार पुढे जाऊन चालत नाही.

मग मीठ तापत तापत बाहेर पडण्याच्या टोकाला पोहोचलं की तिथे दाट झोत सोसवणारच नाही. यावरची युक्ती मला या सगळ्या यंत्रात सर्वांत सुंदर वाटते. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे मनोऱ्याच्या उत्तरेचे आरसे त्याला जवळजवळ समोरून सामोरे जातात आणि त्यांचा उजेड अधिक भरतो. रिसीव्हरची उत्तर बाजू सगळ्यात जास्त भाजते. म्हणून सोलर टूमध्ये २९० अंशांचं थंड मीठ आधी उत्तरेच्या पॅनेलांमध्ये शिरायचं. त्याचे दोन प्रवाह, एक पूर्वेकडून आणि एक पश्चिमेकडून दक्षिणेकडे सरकायचे आणि शेवटी दक्षिणेच्या सौम्य बाजूनं ५६५ अंशांवर बाहेर पडायचे. वाटेत मध्यावर हे प्रवाह बाजूही बदलायचे, पूर्वेचा पश्चिमेला आणि पश्चिमेचा पूर्वेला, कारण सकाळी एक बाजू जास्त तापते आणि दुपारनंतर दुसरी. बाजू बदलली की दोघांच्या वाट्याला दिवसभरात सारखंच ऊन येतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटात २०२१ मध्ये सुरू झालेल्या सेरो दोमिनादोरसारख्या ठिकाणी सूर्य उत्तरेकडे असतो, तिथे हाच विचार उलट दिशेनं करावा लागतो.

आरशांची नेमबाजीही याच हिशेबात येते. सगळ्या आरशांनी मधोमध नेम धरला तर उजेड कमीत कमी सांडेल, पण मध्यभागी नळ्या जळतील. म्हणून संगणक काही आरशांना वर, काही खाली, काही कडेकडे नेम धरायला लावतो. झोत सारखा पसरतो, थोडा उजेड वरखाली सांडतो, तो सांडू द्यायचा. एक-दोन टक्के ऊर्जा गमावून वर्षानुवर्षं नळ्या टिकत असतील तर हा सौदा परवडतो.

धातू नुसत्या तापमानानं मरत नाही, तापमानातल्या फरकानं मरतो. काचेच्या जाड पेल्यात उकळता चहा ओतला की तो तडकतो, कारण आतली बाजू फुगायला बघते आणि बाहेरची तिला फुगू देत नाही. नळीच्या भिंतीत हेच रोज होतं. बाहेरची बाजू आतल्यापेक्षा ५० अंशांनी गरम, त्यामुळे धातूत चौरस मिलिमीटरमागे शंभर न्यूटनच्या आसपासचा ताण निर्माण होतो. तिकडे नळीचा निम्माच परिघ उन्हात आणि निम्मा मागच्या सावलीत, म्हणून नळी वाकायला बघते. शिवाय ती लांबते. दहा मीटर लांबीची स्टीलची नळी साडेचारशे अंशांनी तापली तर आठ सेंटीमीटरनं वाढते. ती वरून टांगलेली असते आणि मागून अशा पकडींनी धरलेली असते की वाकू नये, पण खाली सरकायला मोकळी राहावी. पकड अडकली तर वाढायला निघालेली नळी स्वतःलाच चिरडते.

हे एकदा होऊन थांबत नाही. रोज सकाळी तापणं आणि रोज संध्याकाळी निवणं, तीस वर्षांत ही अकरा हजार आवर्तनं झाली. ढगांची वेगळी. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा हा धातूचा थकवा. त्यातच ६०० अंशांच्या पुढे दुसरा आजार सुरू होतो. ताणाखाली धातू कणाकणानं कायमचा लांबत जातो, ज्याला क्रीप म्हणतात. थकवा आणि क्रीप एकत्र आले की आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणून पुढच्या रिसीव्हरांमध्ये स्टेनलेस स्टीलऐवजी निकेलच्या मिश्रधातूंकडे कल वाढला. ते जास्त सोसतात, पण महाग असतात आणि त्यांचं जोडकामही अवघड.

भिंत आणखी पातळ करून फरक कमी करावा असं वाटू शकतं. पण १.२ मिलिमीटर आधीच काठावरचं माप आहे. आतून गंज खातो, बाहेरून हवा खाते, आणि आत पंपाचा दाबही असतो.

प्रकल्पावरची सकाळ या सगळ्या बंधनांतूनच घडते. हे मीठ २४० अंशांच्या खाली आलं की गोठू लागतं आणि २२० च्या सुमाराला दगड होतं. म्हणून संध्याकाळी रिसीव्हर रिकामा करतात, मीठ स्वतःच्या वजनानं खाली टाकीत उतरतं. त्याचा एक फायदा असा की रात्रभर उष्णता गमवायला वर काही उरतच नाही. सकाळी नळ्या थंड असतात आणि त्यात सरळ मीठ सोडलं तर ते नळीतच थिजून बसेल. मग आधी निवडक आरसे फिरवून त्यांच्या मंद उजेडात रिकाम्या नळ्या तापवतात. नळ्यांची वरची-खालची टोकं आणि जोडनळ उन्हात येत नाहीत, त्यांना विजेच्या तापपट्ट्या गुंडाळलेल्या असतात. सगळीकडे पुरेसं तापमान आलं की मीठ खालून चढवतात, हवा वरून बाहेर पडते, मग प्रवाह ठरलेल्या वळणावळणाच्या वाटेला लागतो आणि उरलेले आरसे टप्प्याटप्प्यानं आत येतात.

ढग आला की खरी परीक्षा. ऊन कमी झालं म्हणून मिठाचा प्रवाह कमी करावा, म्हणजे बाहेर पडणारं तापमान टिकेल, हा नेहमीचा नियंत्रणाचा विचार. पण ढग सरकला की झोत काही सेकंदांत पूर्ण जोरानं परततो आणि प्रवाह तेवढ्या वेगानं वाढत नाही. सोलर टूवर यासाठी वेगळा नियम होता: ढगाखाली असताना जणू लख्ख ऊन आहे असं समजून प्रवाह तेवढाच ठेवायचा. तेवढ्या वेळात बाहेर येणारं मीठ कमी तापतं, उष्णतेची प्रत घसरते, पण नळ्या सुखरूप राहतात.

पंप बंद पडला तर? १,००० किलोवॉटच्या झोताखाली, आत काहीही वाहत नसताना, पृष्ठभाग जितकं शोषतो तितकंच प्रारणानं फेकू लागेपर्यंत तापत जाईल. चौथ्या घाताचा नियम उलटा लावला तर ते तापमान १,८०० अंशांच्या वर येतं. स्टील चौदाशे अंशांच्या आसपासच वितळतं आणि त्याच्या खूप आधी लोण्यासारखं मऊ पडलेलं असतं. म्हणून रिसीव्हरच्या तळाशी एक मिठानं भरलेलं भांडं असतं, वर दाबानं कोंडलेली हवा. वीज गेली, पंप थांबला, तरी ही हवा मिनिटभर मीठ ढकलत राहते. तेवढ्यात हजारो आरसे नेम सोडून बाजूला वळले पाहिजेत. त्यामुळे आरशांच्या मोटरींना वेगळी खात्रीची वीज द्यावी लागते.

रंगाबद्दल दोन शब्द. वर्षानुवर्षं भाजून तो फिका पडतो, त्याला भेगा जातात, शोषण घटतं. सोलर टूच्या आधी त्याच जागेवर १९८२ मध्ये सुरू झालेल्या सोलर वनमध्ये काही वर्षांत रंग पुन्हा द्यावा लागला होता. शोषणातला एक टक्का म्हणजे शेतातले एक टक्का आरसे उभे असून नसल्यासारखे. उंच मनोऱ्यावर माणसं चढवून नळ्यांना रंग लावण्याचा खर्च या एका टक्क्याशी तोलून पाहावा लागतो.

सोलर वनमध्ये मीठ नव्हतं, नळ्यांत थेट पाण्याची वाफ व्हायची. कॅलिफोर्नियातल्या इव्हानपाहचे २०१४ पासूनचे तीन मनोरेही वाफेचेच. आपल्याकडे राजस्थानात बिकानेरजवळ २०११ मध्ये ॲक्मेनं उभारलेला अडीच मेगावॉटचा देशातला पहिला सौर मनोराही याच जातीचा. वाफेची अडचण अशी की नळीत खाली पाणी, मध्ये उकळी आणि वर कोरडी वाफ असते. पाणी भिंतीची उष्णता झटकन घेतं, कोरडी वाफ घेत नाही. त्यामुळे जिथे तापमान सगळ्यात वर, तिथेच नळीला गारवा सगळ्यात कमी. शिवाय वाफ स्वस्तात साठवता येत नाही. खेमासोलारनंतर मोरोक्कोचा नूर तीन, चीनमधला दुनहुआंग, चिलीचा सेरो दोमिनादोर असे बहुतेक मोठे मनोरे मिठाकडे वळले ते यामुळे. मीठही निर्धोक नाही. नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्सवर २०१६ मध्ये गरम मिठाच्या टाकीला गळती लागली आणि प्रकल्प कित्येक महिने बंद राहिला. तिथे आजारी पडली ती टाकी, रिसीव्हर नव्हे. उष्णता फक्त झेलून भागत नाही, ती ठेवायलाही जागा भक्कम लागते.

५६५ च्या पुढे जायचं तर नळीच्या आत दुसरं काही वाहायला हवं, नाहीतर नळीच नको. दोन्ही दिशांनी काम झालं आहे.

पहिली वाट द्रव सोडियमची. तो उष्णता मिठाच्या शंभराहून जास्त पट चांगली वाहून नेतो. मिठात भिंतीलगतच्या थरात शंभर अंश खर्ची पडत होते, ते इथे जवळजवळ वाचतात, म्हणून तीच नळी दुपटीच्या आसपास झोत सोसू शकते. तो ९८ अंशांना वितळतो आणि ८८३ ला उकळतो, म्हणजे वापराची पट्टीही रुंद. पण हवेत तो पेट घेतो. स्पेनच्या अल्मेरियातल्या प्रायोगिक मनोऱ्यावर १९८६ मध्ये सोडियमची मोठी आग लागली आणि त्यानंतर बराच काळ कुणी या वाटेला फारसं गेलं नाही. मला ही वाट सोडून देण्याजोगी वाटत नाही. अणुभट्ट्यांमध्ये सोडियम वापरण्याचा दीर्घ अनुभव जगाकडे आहे, कल्पाक्कमला आपल्याकडेही आहे. पण मनोऱ्याच्या माथ्यावर, रोज भरायचा आणि रोज रिकामा करायचा, ही गोष्ट वेगळी, हेही मान्य करायला हवं.

दुसरी वाट हवेची. जर्मनीत यूलिश इथे २००९ पासून ६० मीटरचा एक प्रायोगिक मनोरा उभा आहे, वीज दीड मेगावॉट. तिथल्या रिसीव्हरमध्ये नळ्या नाहीत, सिलिकॉन कार्बाइडच्या जाळीदार सिरॅमिक विटा आहेत. ऊन जाळीत शिरतं, बाहेरची हवा त्याच जाळीतून आत ओढली जाते आणि सुमारे ७०० अंशांवर बाहेर पडते. कल्पना अशी की समोरची बाजू येणाऱ्या थंड हवेनं गार राहावी आणि तापमान आत खोलवर वाढत जावं. तसं झालं तर समोरून होणारं प्रारण कमी होईल आणि चौथ्या घाताला चकवता येईल. प्रत्यक्षात ते पुरतं साधत नाही. आणि एक अवघड गोष्ट समोर येते. हवा तापली की ती विरळ होते आणि तिचा चिकटपणाही वाढतो, द्रवाच्या अगदी उलट. जाळीचा एखादा भाग शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्त तापला, की त्यातून हवा जायला अडखळते. हवा कमी गेली की तो भाग आणखी तापतो, हवा आणखी कमी होते. काही वेळात एक ठिपका भगभगत राहतो, आजूबाजूची जाळी थंड हवा ओढत बसते, आणि शेवटी सिरॅमिकच तडकतं. म्हणून प्रत्येक विटेमागे वेगवेगळ्या मापाची छिद्रं ठेवून हवेची वाटणी आधीच बांधून द्यावी लागते.

तिसरी वाट सर्वांत धीट आहे. नळी काढूनच टाकायची आणि ऊन थेट वाहत्या पदार्थावर घ्यायचं. अमेरिकेत अल्बुकर्कीच्या सँडिया प्रयोगशाळेत मनोऱ्याच्या माथ्यावर बॉक्साइटच्या बारीक, काळसर, वाळूएवढ्या कणांचा पडदा वरून खाली सोडतात आणि पडता पडता एक-दोन सेकंदांत तो उन्हानं तापतो. भिंत नाही, म्हणून भिंतीतला ५० अंशांचा फरक नाही, थकवा नाही, क्रीप नाही. कण गोठत नाहीत, गंजवत नाहीत, १००० अंशांनाही त्यांना काही होत नाही, आणि तेच कण टाकीत साठवता येतात. बदल्यात नव्या अडचणी आल्या. वारा सुटला की पडदा फाटतो आणि कण उडतात. पडदा दाट ठेवला तर मागचे कण ऊन पाहतच नाहीत, विरळ ठेवला तर उजेड आरपार जातो. प्रवाह मंद करायला मधे पायऱ्या ठेवाव्या लागतात आणि त्या पुन्हा झोताखाली भाजतात. गरम कण वर उचलून नेणारी यंत्रणा घासते. आणि पोकळीच्या उघड्या तोंडातून गरम हवा व प्रारण बाहेर जातंच.

यातून मिळवायचं काय, ते पुन्हा गुणाकारातच पाहावं लागेल. आजच्या मिठाच्या मनोऱ्यात रिसीव्हर ८८ टक्के आणि वाफेचं टर्बाइन साधारण ४० टक्के, गुणाकार ३५. सातशे अंशांच्या पुढे उष्णता दिली, तर वाफेऐवजी दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडवर चालणारं टर्बाइन वापरता येईल आणि त्याच्याकडून ५० टक्क्यांचं उद्दिष्ट धरलं जातं. त्यासाठी रिसीव्हर ८० वर उतरला, तरी गुणाकार ४० होतो. पस्तिसाचे चाळीस झाले, म्हणजे तेवढ्याच विजेला आठवा हिस्सा आरसे कमी लागतात. खेमासोलारच्या मापानं सांगायचं तर सुमारे ३३० हेलिओस्टॅट, त्यांचे खांब, मोटरी, पाया, आणि त्यांना धुवायला लागणारं पाणी. हे प्रकल्प बहुधा वाळवंटात असतात आणि आरशांचं शेत हाच त्यांच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा असतो. पण रिसीव्हर ८० ऐवजी ७० वर घसरला, तर गुणाकार पुन्हा पस्तिसावरच येतो आणि एवढी सगळी यातायात फुकट जाते.